आधी हिशेब, मग क्षमा: दुखावणाऱ्याला क्षमा करायची तर सुरुवात कुठून करावी

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा: ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही’ (लूक २३:३४). हा उद्गार ज्याच्या वाट्याला येतो तो वक्ता बहुधा ठरलेल्या मुक्कामाला पोहोचतो: येशूने क्षमा केली, आपणही करावी. करावी हे सगळ्यांना मान्यच असतं. कशी करावी हे तो सांगत नाही. मग तीन वाजता ज्या दोन घरांचं बोलणं बंद आहे, ती दोन घरं चर्चच्या दोन वेगळ्या फाटकांतून बाहेर पडतात.

हा लेख त्या ‘कशी’साठी आहे. सुरुवातीलाच सांगतो, की ‘झालं गेलं विसरून जा’ हा मंडळ्यांमधून सर्रास दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. येशूने क्षमेवर सांगितलेला एक मोठा दाखला मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि तो सुरू होतो राजा चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो तिथून. कर्ज किती, कोणाचं, कोणावर, हे सगळं समोर मांडलं जातं आणि त्यानंतर ते सोडलं जातं. आपण मधली पायरीच गाळतो. किती सोडलं हेच ठाऊक नसतं, म्हणून वर्षाने तेच कर्ज व्याजासकट परत वर येतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक, पण आपल्याकडे घरोघरी सापडणारं भांडण घेऊ. वडील गेले. त्यांना पुरून महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात मोठ्या भावाने धाकट्या बहिणीला ‘एक सही करायची आहे’ म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं. कागद हक्कसोड पत्राचा होता. तिने सही केली. पुढे तिने विचारलं तेव्हा वहिनी चारचौघांत म्हणाली, ‘लग्नात दिलं ते विसरलात का?’ तेव्हापासून बहीण माहेरी गेलेली नाही. दर रविवारी मात्र ती प्रभूची प्रार्थना म्हणते, आणि ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथे आली की तिचा आवाज खाली जातो.

घाव अजून चालू असेल तर

नवरा मारतोय, सासरी छळ चाललाय, कोणी एखाद्या लहान मुलाला नको तिथे हात लावतोय, असं असेल तर हा लेख आत्ता बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागी जा. पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे नंबर आहेत. मार खाणाऱ्या बाईला ‘सातवेळा नाही, साताच्या सत्तरवेळा’ ऐकवून त्याच घरात परत पाठवणारे पाळक मी पाहिले आहेत. हे येशूने पेत्र या आपल्या शिष्याला दिलेलं उत्तर आहे, आणि पेत्राचा प्रश्न ‘माझ्या भावाला किती वेळा क्षमा करू’ असा होता. मार खायला किती वेळा परत जाऊ, असं त्याने विचारलेलं नाही.

इथे दाविदाची गोष्ट कामी येते. राजा शौल त्याच्यावर भाला फेकतो, घरावर माणसं पाठवतो, आणि दावीद खिडकीतून उतरून पळून जातो. पुढे दोनदा शौल त्याच्या हातात सापडतो, एकदा एन-गेदीच्या गुहेत आणि एकदा जीफच्या रानात. दोन्ही वेळा दावीद त्याला सोडतो. दुसऱ्या वेळी शौल चूक कबूल करतो आणि म्हणतो, माझ्या पुत्रा दाविदा, परत ये (१ शमुवेल २६). त्या अध्यायाची शेवटची ओळ अशी, की दावीद आपल्या वाटेने गेला आणि शौल आपल्या ठिकाणी परतला. सूड सोडला, पण मुक्कामाला गेला नाही. ज्यांना ‘क्षमा केलीस ना, मग परत का जात नाहीस’ असं विचारलं जातं, त्यांनी हा अध्याय उघडून समोर ठेवावा.

जे झालं ते लिहा

शाळेची साधी वही घ्या. मोबाइलवर लिहू नका; तिथलं लिखाण रागाच्या एका क्षणात फॅमिली ग्रुपवर जातं.

लिहिताना वाक्य ज्याने केलं त्याच्यापासून सुरू करा. ‘मला फार वाईट वाटलं’ यातून हिशेब लागत नाही. ‘दादाने कागद कशाचा आहे ते सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा, नेहमीचंच आहे, म्हणाला.’ ‘वहिनीने मावशी-काकांसमोर माझ्या लग्नाचा खर्च काढला.’ ‘आईला सगळं माहीत होतं, ती गप्प बसली.’ हे शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जड जातं. पुष्कळदा खरा घाव गप्प बसलेल्या माणसाचाच असतो, आणि आपण वर्षानुवर्षं भलत्यालाच माफ करायला धडपडत असतो.

प्रत्येक वाक्यासमोर काय गेलं ते लिहा. वाटा गेला. सुट्टीत मुलांना घेऊन जायचं घर गेलं. दादा म्हणजे वडिलांच्या जागी, हा विश्वास गेला. झोप गेली असेल तर तीही लिहा.

अंदाजांना वेगळं पान द्या. ‘वहिनीनेच त्याचे कान भरले असणार’, ‘बाबा असतानाच त्यांनी ठरवलं असणार’ हे सगळं त्या पानावर. शेवटी ‘असणार’ आहे अशा वाक्यांची क्षमा करता येत नाही, कारण ते घडलं की नाही हेच ठाऊक नाही. सुडाची आग मात्र बहुतेक त्याच पानावरून पेटते. दुसऱ्याचे हेतू देवाकडे राहू द्यावेत.

दोन-तीन दिवसांनी वही पुन्हा वाचा. काही नोंदी हलक्या वाटतील. वहिनीने चहा विचारला नाही, फोन उचलला नाही, पत्रिकेत नाव खाली टाकलं. कलस्सैकरांस पत्रात (३:१३) पौल एकमेकांचं सहन करायला सांगतो आणि एकमेकांना क्षमा करायलाही. ही दोन कामं आहेत. स्वभावाच्या खोडी सहन करायच्या आणि अपराधाची क्षमा करायची. चहा क्षमेच्या यादीत धरला की यादी भलतीच लांबते आणि हक्कसोड पत्र त्यात हरवून जातं. चहा खोडून टाका.

उरलेल्या नोंदी मात्र लहान करू नका. दाखल्यातला दुसरा चाकर पहिल्याला, म्हणजे राजाने ज्याचं कर्ज सोडलं त्याला, शंभर दीनार देणं लागत होता. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आजची मजुरी पाचशे रुपये धरली तर हे पन्नास हजार होतात. हातावर पोट असलेल्याला ही रक्कम किरकोळ नाही, आणि येशूने ती किरकोळ म्हटलेलीही नाही. तुमचं शंभर दीनारांचं नुकसान झालं असेल तर शंभरच लिहा. दहा लिहिणं हे औदार्य नाही, खोटा हिशेब आहे.

देवासमोर तक्रार मांडा

आपल्या प्रार्थना फार सभ्य असतात. ‘हे प्रेमळ स्वर्गीय पित्या’ने सुरू होऊन ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’वर संपतात, आणि मधे भावाचं नावसुद्धा येत नाही. स्तोत्रसंहिता इतकी सभ्य नाही. ५५ वं स्तोत्र उघडा: शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तो तू होतास, माझा जिवलग, देवाच्या मंदिरात माझ्यासोबत चालणारा. मंडळीतल्याच माणसाने केलेल्या घावासाठी याहून नेमके शब्द मला कुठे मिळालेले नाहीत. १०९ वं तर इतकं कडक आहे, की उपासनेत ते कोणी वाचत नाही. ८८ वं अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही.

तुमच्या घावाजवळचं एक स्तोत्र निवडा आणि मोठ्याने वाचा, मग वहीतली पानं मोठ्याने वाचा. जागेची अडचण येते हे खरं. दोन खोल्यांच्या घरात मोठ्याने रडायला कोपरा नसतो. गच्ची बघा, नाहीतर आठवड्यात दुपारी रिकामं चर्च. देवाला नाव घेऊन सांगा: त्याने हे केलं, मला राग आहे, तुला दिसत होतं का? सूड हवासा वाटत असेल तर तेही सांगा. रोमकरांस पत्रात (१२:१९) देव सूड स्वतःकडे मागून घेतो, आणि जे आपल्यापाशी आहे हे आपण कबूलच करत नाही, ते त्याच्याकडे देणार कसं?

ही पायरी एका बैठकीत उरकत नाही. कोणाला आठवडे लागतात, कोणाला वर्षं. शिबिरात शेवटच्या रात्री हात वर करून ‘ज्यांनी ज्यांनी दुखावलं त्यांना आत्ता, या क्षणी क्षमा करा’ म्हणवून घेतात, त्याबद्दल मला शंका आहे. काहींना तिथे खरंच मोकळं होता येतं. पुष्कळांचं मात्र बस घरी पोहोचेपर्यंत सगळं परत आलेलं असतं, आणि वर ‘माझा विश्वासच कमी’ हे नवं ओझं.

मग आपलं खातं

दाखल्याचा पहिला भाग आता वाचायचा, आधी नाही. क्रम महत्त्वाचा आहे. आत्ताच मार खाल्लेल्या माणसाला ‘तूही पापीच आहेस’ सांगणं निर्दयपणा आहे, आणि ज्याने मारलं त्याला आयती पळवाट.

पहिल्या चाकराचं देणं दहा हजार तलांत. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी. मघाच्याच पाचशेच्या हिशेबाने तीन हजार कोटी रुपये. चाकर म्हणतो, ‘मला वेळ द्या, सगळं फेडीन.’ ऐकणाऱ्यांना इथे हसू आलं असेल. राजाला हसू येत नाही, कळवळा येतो, आणि तो सगळं सोडून देतो. बाहेर पडल्या पडल्या हाच चाकर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

बहिणीने भावाच्या अपराधात स्वतःचा वाटा शोधत बसावं, असा याचा अर्थ होत नाही. कागदाबाबत तिची काहीच चूक नव्हती. हे खातं तिच्या आणि देवाच्या मधलं आहे, सगळ्या आयुष्याचं. वहीच्या मागच्या बाजूने ते उघडावं: कोणाला मी खोटं बोलले, कोणाची निंदा केली, कोणाची कदर केली नाही, देवाने काय काय सोडलं. दोन बाजू एकमेकींतून वजा करायच्या नाहीत. पण आपणही एके काळी मोठी सूट घेऊन याच दरबारातून बाहेर पडलो आहोत हे आठवलं, की गळ्यावरची पकड सैल होते. ख्रिस्ती क्षमेचं बळ इथून येतं. मन मोठं असावं लागतं असं काही नाही. मोठं मन माझ्याकडे तरी नाही.

काय सोडायचं, काय सोडायचं नाही

इथे वही पुन्हा उघडा आणि प्रत्येक नोंदीपुढे निर्णय लिहा. बहिणीच्या वहीत तो साधारण असा दिसेल.

वहिनीचं चारचौघांतलं बोलणं: सोडलं. उलट तसंच बोलायची संधी शोधणार नाही, आली तरी घेणार नाही. दादाने फसवलं: सूड सोडला. त्याचं वाईट व्हावं ही इच्छा सोडली. त्याच्या मुलीच्या लग्नात त्याला खाली मान घालायला लावायचा मनसुबा सोडला. नात्यात प्रत्येकाला ही कथा नव्याने सांगण्याचा हक्क सोडला. आई गप्प बसली: आज सोडता येत नाही, तारीख टाकून तसं लिहिते, पुढच्या महिन्यात परत बघेन.

घराचा वाटा: मागणार.

शेवटची ओळ वाचून काहींच्या कपाळावर आठ्या येतील. पण क्षमा आणि हक्क सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो (गोव्याचा कायदा वेगळा आहे). फसवून घेतलेल्या सहीविरुद्ध वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि तो लवकर घ्यावा, कारण अशा दाव्यांना मुदत असते. बहिणीने वाटा सोडला तर तो तिने कोणाच्या दडपणाशिवाय दिलेला असावा. ‘तू ख्रिस्ती ना, मग सोड’ हे वाक्य घेणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

निर्णय झाला की तो शब्दांत उच्चारा: ‘प्रभू, दादाने मला न सांगता सही घेतली. त्याबद्दल त्याच्यावर जो सूड उगवायचा होता तो मी सोडते. तो तुझ्या हाती.’ मोघम ‘सगळ्यांना क्षमा’ नको. ‘मी क्षमा करते’ हे शब्द ओठांवर येतच नसतील तर वधस्तंभावरचा उद्गार जसाच्या तसा म्हणा. तिथे येशू बापाला सांगतो, तू त्यांना क्षमा कर. ज्याला स्वतःला अजून जमत नाही, त्याला निदान एवढं मागता येतं, आणि माझ्या मते ती सुरुवात पुरेशी आहे.

एखादा साक्षी असावा. पाळक, विश्वासातली वडीलधारी बाई, किंवा कॅथलिक असाल तर कुमसाराला (पापांच्या कबुलीला) बसून फादरांजवळ. फक्त तिथे आपल्या मनातल्या द्वेषाची कबुली द्यायची. पुष्कळ लोक कुमसाराला बसतात आणि सविस्तर कबुली देतात ती जावेच्या पापांची.

समोरचा माफीच मागत नसेल तर क्षमा करायची का, यावर वाद चालतो. लूक १७:३ म्हणतं, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. मार्क ११:२५ म्हणतं, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे समोरच्याच्या पश्चात्तापाचा उल्लेखच नाही. मला यात विरोध दिसत नाही. मार्कमधलं काम एकट्याने, देवासमोर करायचं, आणि ते आपल्या हातात आहे. लूकमधलं दोघांचं आहे. ते समोरच्याशिवाय पुरं होत नाही, आणि झालं नाही तर तो तुमचा दोष नाही. ज्याने दुखावलं तो आता हयात नसेल, तर मार्कमधलं तेवढंच उरतं. तेवढं पुरे.

परत उसळेल तेव्हा

उसळणारच. नाताळात माहेरच्या करंज्यांचा वास येईल, भावाच्या घरची लग्नपत्रिका येईल, २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी वडिलांच्या कबरीपाशी दोघं समोरासमोर याल. क्षमा खोटी होती असं यावरून ठरत नाही. साताच्या सत्तरवेळा हा आकडा नव्या नव्या अपराधांसाठी आहेच, पण एकाच अपराधाची इतक्या वेळा क्षमा करावी लागते हे अनुभवी माणसं जाणतात. वहीतलं ते पान काढा, तारीख वाचा, ‘हे मी सोडलं आहे’ म्हणा आणि हातातल्या कामाला लागा. दर वेळी सगळी वही पहिल्यापासून वाचू नका.

जिभेला आवर घालणं त्याहून कठीण. ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं. आता नवा श्रोता शोधायचा नाही. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून महिला मंडळात जे सांगितलं जातं, त्यातलं निम्मं चुगली असते. पुरुषांच्या सभेत तेच ‘मंडळीच्या हितासाठी’ या नावाने चालतं.

आणि त्या माणसासाठी प्रार्थना करा. लूक ६:२८ मध्ये येशूने तसं स्पष्ट सांगितलं आहे. पण ‘देवा, त्याला सुबुद्धी दे’ ही त्यासाठीची प्रार्थना नाही, ती हात जोडून दिलेली शिवी आहे. त्याच्या गुडघेदुखीसाठी प्रार्थना करा, त्याच्या मुलाच्या बारावीसाठी करा, धंद्यातली उधारी वसूल होऊ दे म्हणून करा. पहिल्यांदा शब्द दगडासारखे जड लागतात. काही काळाने त्या मुलाच्या निकालाची आपल्यालाही थोडी काळजी वाटू लागते, आणि काहीतरी हललं आहे हे तिथे कळतं.

महिनोन्‌महिने झोप नाही, जगणं नको वाटतं, तेच दृश्य सतत डोळ्यांपुढे येतं, असं असेल तर ते विश्वासाच्या कमतरतेचं लक्षण नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

भेटायला जावं का?

मत्तय १८:१५ सांगतं, भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि एकांतात दोष दाखव. एकांतात. लग्नाच्या हॉलमध्ये नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, चार पंच घेऊनही नाही. दोघा-तिघांना सोबत न्यायचं ते नंतरच्या वचनात, पहिल्यांदा ऐकलं नाही तर. जिथे हिंसा झाली आहे तिथे मात्र एकटं जायचंच नाही.

गेल्या गेल्या ‘मी तुला क्षमा केली’ म्हणू नका. आपलं काही चुकलंय हे ज्याला मान्यच नाही, त्याला ते वाक्य थप्पड वाटतं, आणि कधी कधी आपल्याही मनात ती थप्पडच असते. जे घडलं ते सांगा: ‘दादा, त्या दिवशी तू कागद कशाचा आहे ते सांगितलं नाहीस. मला ते फार लागलंय. मला ऐकायचंय, तू असं का केलंस?’ आणि मग गप्प बसा. ऐकणं हेच अर्धं काम.

तो कसा बोलतो ते बघा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात अपराध कुठेच नाही. ‘चुकलं, पण तूसुद्धा…’ यातला ‘पण’ आधीचं सगळं पुसून टाकतो. जक्कय या जकातदाराचा नमुना डोळ्यांपुढे ठेवा: कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो (लूक १९:८). पश्चात्ताप खिशापर्यंत पोहोचला की ओळखता येतो.

योसेफाचं मला नेहमी नवल वाटतं. उत्पत्तीच्या ४२ व्या अध्यायात तो मिसरचा अधिकारी आहे, आणि ज्यांनी त्याला गुलाम म्हणून विकलं तेच भाऊ दुष्काळात धान्यासाठी येऊन समोर पाया पडत आहेत. तो त्यांना ओळखतो, तरी लगेच गळ्यात पडत नाही. शिमोनाला ठेवून घेतो, धाकट्या बन्यामिनाला आणायला लावतो, त्याच्या गोणीत चांदीचा प्याला ठेवतो. पुन्हा तोच प्रसंग: धाकट्या भावाला टाकून स्वतः सुटायची संधी. या वेळी यहूदा पुढे होतो आणि म्हणतो, याच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा. हा तोच यहूदा, ज्याने योसेफाला विकायची कल्पना काढली होती. त्यानंतर योसेफ रडतो आणि आपण कोण ते सांगतो. या सगळ्या काळात तो त्यांना धान्य देतच होता, त्यांचे पैसेही गुपचूप गोणीत परत ठेवत होता. विश्वास मात्र त्याने पारखून मग टाकला. तुम्हीही क्षमा आज करा आणि घराची किल्ली पुढे कधीतरी, बघून द्या.

समेट होतो तेव्हाही त्याला वेळ लागतो. सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समुंदर सिंग याने भोसकून खून केला. त्या आदिवासी आणि भूमिहीनांना सावकारांच्या तावडीतून सोडवत होत्या, म्हणून भाडोत्री मारेकरी घातला गेला. त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटू लागले. २००२ साली राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेलाही पाठिंबा दिला. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं, त्या सोहळ्याला तो हजर होता. ही कथा प्रवचनांत राखीपासून सुरू होते. खून आणि राखी यांच्यामध्ये सात वर्षं आहेत, एक खटला आहे, आणि तुरुंगात जाऊन कैद्याजवळ बसणारा एक मध्यस्थ आहे. ते कोणी सांगत नाही.

पोलीस आणि कोर्ट

२२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावी ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप व टिमोथी ही त्यांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवून दिली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि २००४ पर्यंत बारिपदात कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. खटला थांबवा असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, ही त्यांची भूमिका होती. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली.

यात विसंगती काढणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ वाचावा. फिलिप्पैमध्ये पौल आणि सिलास फटके खाऊन तुरुंगात पडले आहेत. त्याच रात्री पौल तुरुंगाच्या अधिकाऱ्याला आत्महत्येपासून वाचवतो, त्याच्या घरी जेवतो. सकाळी निरोप येतो, की सोडलंय, निघून जा. पौल म्हणतो, आम्हा रोमी नागरिकांना चौकशीशिवाय चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप बाहेर काढता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. येशूनेही गालावर चपराक बसल्यावर कारण विचारलं होतं (योहान १८:२३).

लहान मुलांच्या बाबतीत तर निवड करायला जागाच नाही. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. पाळक, फादर, संडे स्कूलचे शिक्षक सगळे त्यात आले. ‘मंडळीची बदनामी होईल, क्षमा करून टाका’ असं मुलाच्या आईबापांना सांगणारी कमिटी क्षमा शिकवत नसते, गुन्हा लपवत असते. शिवाय ती क्षमा त्या कमिटीची नव्हेच. घाव ज्याच्या अंगावर आहे, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला क्षमा वाटता येत नाही.

दुसऱ्याच्या वहीत आपलं नाव असेल तर

वही लिहिता लिहिता हा संशय येतोच: असंच एखादं पान कोणीतरी आपल्या नावानेही लिहिलं असेल. मत्तय ५:२३-२४ त्याच माणसासाठी आहे. वेदीपाशी अर्पण आणलंय आणि आठवलं, की भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात हे करायची जुन्या लोकांची पद्धत चांगली होती.

जाताना तीन गोष्टी सांभाळा. केलेलं कृत्य नाव घेऊन सांगा, कारणं सांगू नका. समोरच्याला लगेच ‘जाऊ दे’ म्हणायला लावू नका. त्याची वही अजून अर्धी लिहायची असेल. आणि जे घेतलं ते सोबत न्या. आपल्या गोष्टीतल्या दादाला हा लेख कोणी वाचून दाखवला, तर त्याने केकचा डबा घेऊन बहिणीच्या दारात उभं राहू नये. आधी वकिलाकडे जावं, तिचा वाटा तिच्या नावावर करून देणारा दस्त तयार करून घ्यावा, नोंदणीचा खर्च स्वतः भरावा, आणि तो कागद घेऊन जावं. केक वहिनीने न्यावा.